‘जमावाला दोष देऊ नका’ म्हणणाऱ्यांना

“माणूस म्हणजे मेंढरू. चौघं म्हणतील तेच तो म्हणणार, हे अमेरिकेतल्या प्रयोगात सिद्ध झालंय. गर्दीत कुणी मदतीला येत नाही. म्हणून जमावानं काही केलं तर एकेकट्याला दोष देऊ नका.” हा मेसेज सध्या सांगलीत जोरात फिरतोय. माझ्या सख्ख्या भावानंही तो पुढं पाठवला.

प्रयोग खरा आहे. १९५०च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी लोकांना रेघांची लांबी ओळखायला लावली. खोलीतले बाकीचे आधीच पढवलेले, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. ज्यांची परीक्षा होती त्या चारातले तिघं निदान एकदा तरी त्यांच्या मागं गेले. पण पढवलेले चुकत होते तेव्हाही यांची चुकीची उत्तरं साधारण एक तृतीयांशच होती, आणि चारातला एक तर शेवटपर्यंत एकदाही ढळला नाही. पढवलेल्यांतल्या एकानं खरं उत्तर दिलं, की या चुका पाव हिश्श्यावर यायच्या.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मिरजेकडच्या एका बैठकीत देण्याघेण्याची यादी वाचून झाली. मुलीचे वडील मान खाली घालून रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते. ‘रीतच आहे’ म्हणून सगळे माना डोलवत होते. आतल्या दारातून मुलीची आत्या म्हणाली, “दादा, कर्ज काढायचं नाही हं.” मग मामा बोलले, मग चुलते. यादी निम्म्यावर आली. “मनात माझ्याही तेच होतं,” असं मामा नंतर चहा पिताना सांगत होते.

‘कुणी मदतीला येत नाही’ हे १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या किटी जिनोव्हीज यांच्या खुनावरून आलंय. ३८ जण नुसते बघत राहिले, अशी बातमी होती. ती छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनंच २०१६ मध्ये ती चुकीची असल्याचं मान्य केलं. एक शेजारीण तर धावत खाली गेली आणि किटींना कवेत धरून बसली. २०१९ मध्ये तीन देशांतल्या शहरांतलं रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहांत नऊ वेळा कुणी ना कुणी मधे पडलेलं दिसलं.

आणि चौघांचा धाक दर वेळी वाईटच असतो असंही नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये भोंगा सुरू केला. संध्याकाळी सातला तो वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. शेजारचा टीव्ही गप्प झाल्यावर आपला चालू ठेवायला जीव धजत नाही.

आता मेसेजमधली ती शेवटची ओळ, ‘एकेकट्याला दोष देऊ नका’. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. साधूंची तक्रार नसतानाही पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवला. अटक झाली ती ‘जमावा’ला नव्हे, एकेका माणसाला. तिथं “थांबा, आधी यांचं आधार कार्ड बघू” एवढंच कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

भावाला मी फोन करून ती ओळ काढायला सांगितली. तुमच्याकडं हा मेसेज आला असेल, तर तुम्हीही पाठवणाऱ्याला तेवढं सांगा.