दारावरची पाटी

ओसाकाच्या त्सुरुहाशी स्टेशनात गाडीचं दार उघडलं की पहिल्यांदा भाजलेल्या मांसाचा वास आत येतो. तिथून चालत इकुनोच्या कोरियन बाजारात, ओळखीच्या एका कोरियन आजींच्या किमचीच्या, म्हणजे कोरियन लोणच्याच्या, दुकानी. काकडीची किमची त्या मला न विचारता कमी तिखट बांधून देतात. नगरच्या बाईला तिखट सोसतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आजींचे वडील १९२० च्या दशकात कोरियाच्या जेजू बेटावरून बोटीने आले. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात, म्हणजे ते जपानचीच प्रजा. १९५२ साली ते नागरिकत्व एका फटक्यात गेलं. आजी इथे जन्मल्या, मुलगा इथे, नातही इथेच. मुलाने शाळेत असताना परका म्हणून बोटांचे ठसे दिले. अशा कायम रहिवाशांवरची ती सक्ती १९९३ साली उठली. घरातल्या सगळ्यांचा पासपोर्ट दक्षिण कोरियाचा, आणि इथला दर्जा ‘विशेष कायम रहिवासी’. मत नाही, महापालिकेलासुद्धा. जन्म कुठे झाला यापेक्षा आईबाप कोण, हे इथला कायदा बघतो. अर्ज करून नागरिक होता येतं, पुष्कळजण झालेत. आजी म्हणतात, ‘जिथे जन्मले तिथे राहायला अर्ज कसला?’

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय महाराष्ट्र सरकारने मागे घेतला आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. मलाही झाला. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, हे मला अजूनही पटतं. पण लगेच मीरा रोडच्या दुकानात दुकानदाराला मराठीवरून मारलेल्या थपडांचा व्हिडिओ आला आणि त्याखाली टाळ्या. ‘इथे राहायचं तर मराठी यायला हवी.’ हवीच. पण आली की पुढे काय?

आजी ओसाकाची बोली अशी बोलतात की तोक्योहून आलेला माझा साहेब कान टवकारतो. तरी त्या परक्या. नात सोलला शिकायला गेली, तर घरमालकीण म्हणाली, ‘तुझी कोरियन जपान्यासारखी येते.’ अशांसाठी तिथे ‘अर्धा जपानी’ अशी शिवीच आहे. दोन्हीकडे भाषेची परीक्षा, आणि दोन्हीकडे निकाल आधीच ठरलेला.

आमच्या वर्गात एक मारवाड्याचा मुलगा होता. तिसरी पिढी नगरची. ‘काय रं’ त्याच्या तोंडी आमच्यापेक्षा खणखणीत. दहावीला मराठीत त्याला माझ्याहून जास्त गुण पडले, आणि बाई वर्गात म्हणाल्या, ‘मारवाड्याचा असून!’ आम्ही हसलो. तोही हसला. भाषेची अट मला मान्य आहे, कारण भाषा शिकता येते. मग शिकलेल्याला तरी आत घ्या. आपण ‘आडनाव काय?’ विचारून पुन्हा उंबऱ्यावर उभं करतो.

आजींच्या दारावर ‘कानेमोतो’ अशी जपानी आडनावाची पाटी आहे. खरं आडनाव किम. लिहिताना पहिलं अक्षर तेच, ‘सोनं’ या अर्थाचं. वाचायचं मात्र जपानीत. नात सोलहून परतल्यावर तिने खाली ‘किम’ची छोटी पाटी लावली. आजींनी वरची काढू दिली नाही. पोस्टमन चुकेल म्हणाल्या.

परवा किमची बांधता बांधता त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे दारावर काय लिहितात?’

‘आडनाव,’ मी म्हटलं. ‘त्यावरून सगळं कळतं.’

‘अस्सं,’ म्हणाल्या, आणि पिशवीला गाठ मारली.