नवजात बाळाची ‘नॉर्मल रेंज’ आणि तो फिरणारा मेसेज

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटचा मावसबहिणीने पाठवला. तिच्या लेकीला सातवा महिना लागलाय. खाली एवढंच लिहिलेलं, ‘खरं आहे का गं हे?’ मी लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे. नवजात बाळांचे नमुने रोज हाताळते. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडते.

मेसेजचं म्हणणं असं: जन्मजात आजार हेरायला बाळाच्या टाचेला टोचून करतात ती तपासणी निव्वळ धंदा आहे. तिच्या नॉर्मल रेंज परदेशी बाळांच्या आहेत, म्हणून आपली धडधाकट बाळं ‘हाय’ येतात. तीन लॅब तीन रेंज देतात. पुन्हा रक्ताला बोलावतात म्हणजे पहिला रिपोर्ट चुकलेलाच असतो. आणि बाळ नीट पीत असेल, रडत असेल तर काही करायची गरजच नाही.

धडधाकट बाळाचा रिपोर्ट ‘हाय’ येतो, ही तक्रार खोटी नाही. मागे एक तरुण बाप दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट घेऊन आला होता. पूर्ण दिवसांचं बाळ, वय तीन दिवस, बिलिरुबिन (कावीळ मोजायचं पिवळं द्रव्य) ११.४. शेजारी रेंज छापलेली ०.२ ते १.२ आणि ठळक ‘एच’. त्याने फोनवर भागाकार करून पाहिला होता, साडेनऊ पट. रात्रभर झोपला नव्हता. ती रेंज मोठ्या माणसांची होती. सॉफ्टवेअरने वय न बघता छापली आणि कुणी थांबवली नाही. ही लॅबची चूकच आहे आणि ती मी सावरून घेणार नाही.

पण यावरून तपासणीच खोटी ठरत नाही. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि यकृत अजून पुरतं तयार नसतं, त्यामुळे बिलिरुबिन पहिले तीन ते पाच दिवस चढतच जातं. म्हणून ते जन्मापासूनच्या तासांच्या आलेखावर वाचायचं असतं. नवजात बाळांचे डॉक्टर विनोद भुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत २,८४० निरोगी बाळांच्या आकड्यांवरून असा आलेख मांडला. त्यावर ७२व्या तासाला ११.४ हा नेहमीचा आकडा आहे. तेच ११.४ चोविसाव्या तासाला आलं तर ते ९५ टक्के बाळांच्या वर जातं, आणि मग त्या बाळाला तातडीने डॉक्टरांनी बघायला हवं. आकडा एकच, पण एका बाळाला घरी न्यायचं आणि दुसऱ्याला कदाचित निळ्या लाईटखाली ठेवायचं. साखरेचंही असंच. जन्मानंतरच्या एक-दोन तासांत ती उतरते आणि मग आपोआप चढते. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पहिल्या दिवशी बरंचसं आईचंच दिसतं.

आता परदेशी रेंजबद्दल. मेसेजमधला हा एकच मुद्दा असा आहे, ज्यावर मला लिहिणाऱ्याशी बसून बोलायला आवडेल, कारण तो अर्धा खरा आहे.

रेंज ठरवायची साधी रीत अशी: प्रत्येक गटातली किमान १२० निरोगी माणसं घ्या, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावा, मधले ९५ टक्के ठेवा. याचा अर्थ शंभरातली पाच निरोगी माणसं रेंजबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचीही किमान एक रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. कागदावर एखादी खूण आली की रोगच, असं समजणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा मांडून पाहावं.

नवजात बाळाच्या बाबतीत गट पाडणंच जिकिरीचं आहे. पहिला दिवस वेगळा, तिसरा वेगळा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं वेगळं, चाळिसाव्यातलं वेगळं. आणि तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिली, चहाच्या दोन कपांएवढं. केवळ रेंज ठरवायला निरोगी बाळांच्या शिरेतून नळी भरून रक्त कोण काढेल, आणि का काढू द्यावं? म्हणून टाचेतल्या थेंबांवरच भिस्त ठेवावी लागते. फिल्टर पेपरच्या कार्डावर वाळवलेले ते ठिपके ही अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांची १९६०च्या दशकातली देणगी. अशा लाखो ठिपक्यांचे आकडे अनेक देशांतल्या कार्यक्रमांनी एकत्र केले, आणि त्या तपासणीसाठी ९५ टक्क्यांचा नियम बाजूला ठेवला. तो नियम लावला असता तर शंभरातल्या पाच घरांत विनाकारण धास्ती शिरली असती. तिथे कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या पुढे बाळाला पुन्हा तपासायचं तो आकडा, पार टोकाला धरतात आणि खरोखर आजारी निघालेल्या बाळांच्या आकड्यांशी ताडून बघतात.

किटच्या माहितीपत्रातला आकडा ही फक्त सुरुवात. प्रत्येक लॅबने आपल्याकडच्या हजारो बाळांवर तो तपासून घ्यायचा असतो. आपल्याकडे याला एक ठोस कारण आहे. आईच्या अंगात बी-१२ कमी असलं, तर बाळाच्या ठिपक्यात प्रोपिओनिलकार्निटिन (काही जनुकीय आजारांत वाढणारं रसायन) वाढलेलं दिसू शकतं. शाकाहारी घरांमधली बी-१२ची कमतरता आपल्याला नवी नाही. बाहेरचा कट-ऑफ आंधळेपणाने लावला, तर बी-१२ देऊन सुटणारा प्रश्न दुर्मिळ जनुकीय आजाराचा संशय बनून घरात येतो. म्हणून आपल्या बाळांचे आकडे हवेतच. पण ते मिळणार कसे? तपासणी करून. गोव्याने २००८ साली सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या बाळांसाठी ती सुरू केली. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मुंबईसह पाच शहरांत लाखावर बाळं तपासली. रेंज आपली नाही म्हणून तपासणी बंद करा, असं म्हटलं तर ती कधीच आपली होणार नाही.

तीन लॅबच्या तीन रेंज? यंत्रं आणि किट वेगळी असतात, कधी एककच वेगळं असतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, कुणी सबंध रक्ताच्या हिशेबात देतं, कुणी सीरमच्या, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या द्रवाच्या. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण २.२ पट येतो. रिपोर्ट त्याच लॅबच्या रेंजशी लावून वाचा, एवढं पुरे.

पुन्हा बोलावलं म्हणजे पहिलं चुकलं, हे मात्र साफ खोटं आहे. टाचेची तपासणी निदान करतच नाही. कुणाला नीट तपासायचं, तेवढं ती निवडते. बाळ जन्मलं की थंडीच्या आणि बदलाच्या धक्क्याने त्याचं टीएसएच अर्ध्या तासात ६० ते ८०पर्यंत उसळतं आणि मग उतरत जातं. म्हणून नमुना ४८ ते ७२ तासांत घेतात. लवकर डिस्चार्ज हवा म्हणून पहिल्याच दिवशी टाच टोचली, तर आकडा वर येणारच. कमी दिवसांच्या बाळाचं १७-ओएचपी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारासाठी मोजतात ते संप्रेरक) वर येतं, त्यासाठी आठवडे किंवा वजन बघून वेगळा कट-ऑफ लागतो. नाळेला बीटाडीन लावलं असेल, तर त्यातल्या आयोडीननेही टीएसएच चढू शकतं. आणि मे महिन्यात कार्ड कुरियरच्या पिशवीत तापत पडलं, तर तांबड्या पेशींना जपणारी जी-६-पीडीसारखी एन्झाइम मरतात आणि निरोगी बाळ कमतरतेचं दिसतं. अशी कार्डं हातात आली की मी स्वतः दुसरा नमुना मागते. शंका आली असताना गप्प बसणं मला जमत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि त्याची मला खरी भीती वाटते. जन्मजात थायरॉईडची कमतरता असलेलं बाळ सुरुवातीला बहुतेक वेळा छानच दिसतं, कारण आईचं थायरॉक्सिन नाळेतून त्याला मिळालेलं असतं. पितं, झोपतं, फारसं रडत नाही. आजी कौतुकाने म्हणते, किती शहाणं बाळ! तोवर मेंदूचे मोलाचे आठवडे निघून जातात. आयसीएमआरच्या त्या अभ्यासात अशी बाळं साधारण ११३० मागे एक निघाली. उपाय काय, तर एक स्वस्त गोळी, कुटून आईच्या दुधात रोज. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली, तर मूल सहसा इतरांसारखंच वाढतं.

पैशांबद्दलही बोलते. शंभरावर आजारांची यादी छापून महागडी पॅकेजं विकतात, ते मलाही पटत नाही. थायरॉईड, १७-ओएचपी आणि जी-६-पीडी एवढ्यापासून सुरुवात करता येते. पुढचं बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा, विशेषतः नात्यात लग्न असेल किंवा आधीचं बाळ कारण न कळता दगावलं असेल तर.

मावसबहिणीला मी म्हटलं, कार्डावर जन्माची वेळ, वजन आणि आठवडे लिहिलेत ना, बघून घे. फोन नंबरही. बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, कार्डावर नंबर असतो जावयाचा, तो कामाच्या गडबडीत अनोळखी फोन उचलत नाही, आणि आम्ही इकडे फोन लावत बसतो. ती म्हणाली, ‘मग माझा देऊ?’ म्हटलं, दोन्ही लिही.