ही व्यक्ती कोण?

फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर ज्यानं कुणी बनवलं, त्याला फार तर दोन काका आणि एक मावशी असावी. मराठवाड्यातली भावकी त्यानं पाहिलेली नाही.

फोटो लावून ठेवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर, पिकासा, 2016 मध्ये बंद झालं, तेव्हापासून आमचे फोटो ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर 2’ आणि ‘लग्न फायनल फायनल’ अशा वस्त्यांत विखुरलेले. परभणीत मे महिन्यात दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नसते, म्हणून भाच्यानं कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं. “मामा, चेहरे ते आपोआप ओळखतंय. तुमी फक्त नाव टाका.”

टाकलं. ‘आबा’. लगेच पुढचा प्रश्न: हेही आबाच का? होते की! पण ते जिंतूरचे आबा, हे सेलूचे. डोक्यावर पदर घेतलेली आत्या आणि पदर घसरलेली आत्या या त्याच्या लेखी दोन बायका; आणि मुंडावळ्या बांधल्या की खानदानातले सगळे नवरदेव एकच. शिवाय कॅमेरा सांगेल ती तारीख खरी. एका कॅमेऱ्याचं घड्याळ मागं गेलेलं, त्यामुळं पुतणीचं लग्न 1 जानेवारी 2000 ला लागलं. तेव्हा ती पाळण्यात होती.

वेरूळच्या फोटोंत तर कहर. 16 नंबरच्या लेण्यात रावण कैलास हलवतोय, ते शिल्प. सॉफ्टवेअरनं त्यातलीही तोंडं हेरली आणि दर तोंडामागं विचारायला लागलं, ही व्यक्ती कोण? भाचा म्हणाला, “दुर्लक्ष करा दाबा.”

“थांबा,” ही स्वयंपाकघरातून आली. “आधी नीट बघा. तुमच्याकडचं कुणी असंल.”

मग रंग. लाल मांडवाखाली सगळं वऱ्हाड तांबडंलाल दिसत होतं. त्यावर औषध म्हणजे व्हाइट बॅलन्स: फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर टिचकी मारायची, तिला पांढरं धरून तो बाकीचे रंग जागेवर आणतो. मांडवात पांढरं म्हणजे सेलूच्या आबांचं धोतर. मारली टिचकी. पण धोतराला नीळ सढळ हातानं दिलेली. सॉफ्टवेअरनं इमानदारीनं ती निळाई उपसली आणि अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झाली.

“काय बिघडत नाही,” भाचा म्हणाला. “मूळ फोटो तसाच राहतोय.”

तो मागं फिरवणार, तेवढ्यात आत्या चष्मा सावरत वाकली. “हळदीचा फोटू लई भारी निघालाय की रे! मला पाठव.”

पाठवला.