कोवर्किंग कॉन्फरन्सला जाताय? आधी स्वतःचे आकडे पाठ करा

कोवर्किंग स्पेस, म्हणजे वेगवेगळे लोक डेस्क किंवा केबिन भाड्याने घेऊन काम करतात ती जागा, चालवणाऱ्यांच्या कॉन्फरन्सचा सीझन आला की माझ्या इनबॉक्समध्ये त्यांचा तोच प्रश्न येतो, तिकीट महाग आहे, वर विमान, हॉटेल, दोन-तीन दिवस स्पेस दुसऱ्याच्या भरवशावर, जाऊ का नको? मी हल्ली उलटा प्रश्न विचारते. तुमच्या स्पेसचे वर्षभराचे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत का, आणि ते एखाद्या अनोळखी ऑपरेटरला (तुमच्यासारखीच स्पेस चालवणाऱ्याला) चहा पिता पिता सांगायची तयारी आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर बिनधास्त जा. नसेल तर व्हिडिओ नंतर येतातच, घरी बसून दीडपट स्पीडवर बघा.

उद्धट वाटेल, पण ऐका तरी.

स्टेजवर जे बोलतात ते बहुतेक टिकलेले लोक असतात. ज्याची स्पेस बंद पडली तो कशाला येईल माइक हातात घेऊन? त्यामुळे दिवसभर कम्युनिटी, हायब्रिड, वेलनेस, फ्युचर ऑफ वर्क ऐकून डोकं हलकं होतं आणि घरी आल्यावर भाडं आहे तेवढंच असतं. वीवर्क ह्या बड्या कोवर्किंग कंपनीची गोष्ट सगळ्यांना माहितीये, 2019 मध्ये आयपीओ (शेअर बाजारात उतरायचा बेत) मागे घेतला, नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. पण त्यामागचं गणित काही गुपित नव्हतं, बिल्डिंगचा करार लांबलचक वर्षांचा आणि मेंबर मात्र महिन्याभराच्या नोटिशीवर उठून जाणारा. हेच गणित तुमच्या-माझ्या छोट्या स्पेसलाही लागू आहे, फक्त शून्यं कमी. आणि ह्याच्यावर खरं बोलणं होतं ते पॅनलमध्ये नाही, पॅनल सुटल्यावर.

तर करायचं काय. जायच्या आधी एका कागदावर स्वतःचं लिहून काढा. ऑक्युपन्सी (किती टक्के जागा भरलेली असते) किती, आणि किती टक्क्यांवर खर्च निघतो. उत्पन्नातला किती हिस्सा भाड्यात जातो. मेंबर सरासरी किती महिने टिकतो. डे पासवर, म्हणजे एका दिवसाचे पैसे भरून, आलेल्यांपैकी किती जण नंतर मेंबर होतात. मिटिंग रूम आठवड्यात किती तास खरंच विकली जाते (स्वतःची टीम फुकटात बसते ते तास धरू नका प्लीज). केबिनमधून किती येतं, ओपन डेस्कमधून किती. त्यातला जो आकडा बघून पोटात गोळा येतो तो तुमचा प्रश्न. तोच एक घेऊन जा. पाच-सहा प्रश्न घेऊन जाणारे लोक मी बघितलेत, ते वही भरून आणतात आणि वही तशीच कपाटात जाते.

मग तिथे गेल्यावर पहिला आकडा आपण सांगायचा. "आमच्याकडे डे पासवाले परत येतच नाहीत, तुमच्याकडे किती येतात?" असं विचारलं की समोरचा दोन मिनिटांत खुर्ची ओढून बसतो. आणि नुसतं "कसं चाललंय?" विचारलं की "मस्त, फुल आहोत" हेच उत्तर येणार, कारण कॉन्फरन्समध्ये सगळेच फुल असतात. शक्यतो दुसऱ्या शहरातला, साधारण आपल्याच साइजचा माणूस गाठा, त्याला तुमच्याकडून धोका नाही त्यामुळे तो मोकळं बोलतो. आपल्याच शहरातल्या स्पर्धकाशी गप्पा जरूर मारा पण मिळून भाव ठरवायच्या गोष्टी करू नका, ते अनेक देशांत चक्क बेकायदेशीर आहे. आणि जिने एखादी ब्रँच बंद केलीये अशी व्यक्ती सापडली तर तिच्यासाठी एक अख्खं सेशन बुडवा.

तसंही ह्या धंद्याला लपवाछपवी शोभत नाही. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने पहिली कोवर्किंग स्पेस सुरू केली तेव्हा त्याने ही कल्पना लोकांनी खुशाल उचलावी असंच सांगितलं होतं, म्हणून तर ती एवढी पसरली. कोवर्किंग युरोप ही कॉन्फरन्स 2010 मध्ये ब्रुसेल्सला सुरू झाली, आणि लिझ एलमने ऑस्टिनमध्ये उभी केलेली जीसीयूसी (ग्लोबल कोवर्किंग अनकॉन्फरन्स कॉन्फरन्स), जिला सगळे जूसी म्हणतात, तिच्या तर नावातच अनकॉन्फरन्स आहे. अनकॉन्फरन्स म्हणजे अजेंडा आधी ठरलेला नसतो, लोक सकाळी विषय भिंतीवर लावतात आणि ज्याला ज्यात रस तो तिकडे बसतो. ह्यामागची ओपन स्पेसची पद्धत हॅरिसन ओवेनची, त्यातला दोन पायांचा नियम मला फार आवडतो, जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून उठा आणि दुसरीकडे जा. आपल्याला उठायची लाज वाटते, समोरच्याला काय वाटेल, पण तिकिटाचे पैसे तुम्ही भरलेत ना? असा दिवस कार्यक्रमात असेल तर तो चुकवू नका, आणि आपला तो पोटात गोळा आणणारा विषय स्वतः भिंतीवर लावा. चारच लोक आले तरी ते चार जण त्याच दुखण्याचे असतात.

व्हेंडर हॉलबद्दल, म्हणजे कंपन्या स्टॉल लावून आपला माल दाखवतात त्या हॉलबद्दल, थोडक्यात. सॉफ्टवेअरवाल्यांचा ठरलेला डेमो बघू नका, तो सगळ्यांचा सुंदरच असतो. त्यांना म्हणा, एक मेंबर महिन्याच्या मध्यात डेस्कवरून केबिनमध्ये गेला, त्याचं बिल आत्ता माझ्यासमोर बनवून दाखवा. डिपॉझिट अर्धं परत करायचंय, दाखवा. बिल थकलं तर दाराचा ॲक्सेस आपोआप बंद होतो का, दाखवा. आणि उद्या तुम्हाला सोडून गेलो तर माझा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळेल? ह्या शेवटच्या प्रश्नाला चेहरे बघण्यासारखे होतात. स्पॉन्सर्ड सेशन असेल तर बोलणारा शेवटी काय विकणार आहे ते आधी बघून घ्या म्हणजे ऐकताना सोपं जातं.

स्पेस टूर. ग्रुपने फिरवतात ते ठीक आहे, फोटो चांगले येतात. पण एक दिवस आधी पोचून, डे पास विकत घेऊन, कोणाला न सांगता एखाद्या स्पेसमध्ये सकाळपासून काम करत बसणं ह्याची सर कशालाच नाही. फोन बूथ अकराच्या सुमाराला रिकामे मिळतात का, लोक कॉल घ्यायला जिन्यात जातात का, नोटीस बोर्डवर मागच्या सीझनचे इव्हेंट अजून लटकलेत का, नवीन माणूस आला की त्याच्याशी कोण बोलतं. आर्किटेक्टने काय केलं ते वेबसाइटवर दिसतं, हे दिसत नाही.

आता माझं सगळ्यात भांडणाचं मत. तिकीट एकच परवडत असेल तर मालकाने जाऊ नये, कम्युनिटी मॅनेजरला पाठवावं. अपवाद एकच, तुमचा प्रश्न भाडेकराराचा किंवा नवीन ब्रँचचा असेल, म्हणजे फिक्स भाड्याऐवजी बिल्डिंगच्या मालकाशी रेव्हेन्यू शेअर (उत्पन्नातला हिस्सा देणं) किंवा मॅनेजमेंट ॲग्रीमेंट (त्याची जागा फी घेऊन चालवून देणं) करायचं का वगैरे, तर तुम्हीच जा, ते दुसऱ्या कोणाला झेपणार नाही. बाकी प्रश्न, मेंबर का सोडतात, टूरला आलेला माणूस साइन का करत नाही, इव्हेंटला कोणी का येत नाही, हे रोज फ्रंट डेस्कवर बसणाऱ्यालाच नीट कळतात, आणि तीच व्यक्ती आपल्या जगात सगळ्यात एकटी असते, तिच्या कामाचं दुसरं कोणी आसपास नसतंच. दुसऱ्या शहरातल्या तिच्यासारख्या चार जणींचे नंबर तिला मिळाले तर वर्षभर त्या एकमेकींना मेसेज टाकत राहतात, "हा माणूस रोज स्पीकरवर बोलतो, तू काय केलं असतंस?" मालक लोक मात्र "ट्रेनिंगला पाठवलं आणि नोकरी सोडून गेली तर" असं म्हणतात. जाईल कदाचित. पण पाठवायचं असेल तर नीट पाठवा, आकड्यांचा कागद तिच्या हातात द्या, त्यातलं काय बाहेर बोलायचं आणि काय नाही ते आधीच सांगा, आणि परत आल्यावर ती म्हणेल ती एक गोष्ट महिनाभर करून बघायची मुभा आणि थोडं बजेट तिला जायच्या आधीच लेखी देऊन ठेवा, नाहीतर परत येऊन ती बिचारी प्रेझेंटेशन देणार आणि तुम्ही "बघू पुढच्या क्वार्टरला" म्हणणार.