सही आधी, सभा नंतर

शहरातलं एक झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. कारखान्याच्या जनसुनावणीला २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. मग अख्ख्या शहराची पुढच्या तीस वर्षांची वीज, वाहतूक, कचरा, पूरनियंत्रण ठरवणाऱ्या वातावरण कृती आराखड्याला यातलं एकही बंधन का नाही?

२०२१ मध्ये राज्यातली ४३ शहरं 'रेस टू झिरो'त, म्हणजे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या जागतिक मोहिमेत, सामील झाली. त्या शहरांत रस्त्यावर उभं राहून विचारा, किती जणांना हे ठाऊक आहे? सहभागाचं पत्र जातं, फोटो निघतो, आणि सूचना मागवायची वेळ येते तेव्हा उद्दिष्टं ठरून गेलेली असतात. मुंबईत वातावरण आराखड्यावरच्या सूचना ईमेलवर मागवल्या. अहो, भरतीच्या वेळी नाला उलटा वाहून ज्याच्या घरात पाणी शिरतं, त्याला कुठल्या फाटकापाशी पाणी तुंबतं हे सल्लागारापेक्षा जास्त कळतं. तो ईमेल लिहीत बसणार नाही. त्याच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर नकाशा घेऊन जावं लागतं.

आणि तारखा बघा. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, आराखडा १३ मार्चला जाहीर झाला. २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचं, वचन शहराच्या नावाने दिलं गेलं आणि पुढे जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जाब विचारायचा कुणाला? वॉर्डातल्या लोकांना बोलवायला क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. ती वापरायची इच्छा नाही, एवढंच!

गावात याहून वाईट. पर्यावरणाच्या कामासाठी गावा-शहरांना गुण देणारं राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, कल्पना चांगलीच आहे. पण गुण मिळवायचे म्हणून ठराव हवा, आणि ठराव हवा म्हणून ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी ती. नोटीस फलकावर लागते, पण दवंडी नाही, विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय'. माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. दहा-बारा जणांत टाईप करून आणलेला ठराव वाचला जातो, 'सर्वानुमते मंजूर'. मग घरोघरी फोनवर ई-शपथ घ्यायला लावायची आणि त्यालाच लोकसहभाग म्हणायचं. शपथ म्हणजे विचारणं नव्हे हो!

न विचारल्याचा परिणाम सहा महिन्यांत दिसतो. पावसाळ्यात गायरानावर खड्डे खणले, रोपं लावली, जागेची नोंद असलेले जिओटॅग फोटो अपलोड झाले. शेळ्या-मेंढ्या कुठून जातात हे कुणी विचारलं नाही, म्हणून कुंपण चुकीच्या बाजूला. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कोण आणणार हेही ठरलं नाही, म्हणून एप्रिलपर्यंत काटक्या. सौर दिव्यांचंही तेच. काही वर्षांत बॅटरी निकामी होते, नवीन बॅटरीची तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात नाही, आणि खांब अंधारात. जनावरं चारणाऱ्या बाईला आणि गावच्या वायरमनला एकदा बसवून विचारलं असतं तर दोन्ही टळलं असतं.

मागणी फार मोठी नाही. सहभागाच्या पत्रावर सही करण्याआधी मसुदा मराठीत, वॉर्ड ऑफिसात आणि चावडीवर, ३० दिवस ठेवा. कामाची जागा, खर्च, देखभाल कोण करणार आणि कुणाची जागा किंवा धंदा जाणार, हे चार रकाने त्यात हवेतच. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे स्वीकारली की नाकारली आणि का, ते लिहून तक्ता प्रसिद्ध करा. महिला सभा ग्रामसभेच्या आधी खरोखर घ्या, नुसत्या सह्या फिरवू नका.

आणि गावकऱ्यांनो, त्या ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत हजेरी रजिस्टरही मागा, आणि सूचक-अनुमोदक म्हणून ज्यांची नावं आहेत ते त्या दिवशी गावात तरी होते का, हे त्यांनाच जाऊन विचारा.