‘काम चांगले असेल तर पैसा आपोआप येतो’ : एका लोकप्रिय समजाचा प्रतिवाद

शिक्षणक्षेत्रातील छोट्या स्वयंसेवी संस्थांविषयी एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : काम चांगले असेल तर पैसा आपोआप येतो, अनुदानाचे अर्ज लिहायला पगारी माणूस ठेवणे म्हणजे मुलांच्या वाट्याचा पैसा कागदावर उधळणे, प्रस्ताव एकदा नीट लिहिला की तोच सगळीकडे पाठवता येतो, आणि माणूस ठेवायचाच असेल, तर त्याला मिळालेल्या रकमेवर टक्केवारी द्यावी. या विधानांमागे देणगीच्या पैशाची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. परंतु अशा संस्थेत अर्ज, अंदाजपत्रके आणि अहवाल लिहिताना रोज जे समोर येते, त्याच्याशी यातले एकही विधान जुळत नाही.

पहिले विधान सर्वांत जास्त पटते आणि सर्वांत जास्त नुकसानही तेच करते. निधी देणारी संस्था क्वचितच वर्गात येऊन बसते. निर्णयाच्या वेळी तिच्यासमोर असतो तो अर्ज. ‘आज स्थिती काय आहे आणि बदल कसा मोजणार?’ हा प्रश्न बहुतेक अर्जांत या ना त्या शब्दांत असतोच. ‘मुलांचे वाचन सुधारेल’ एवढे उत्तर लिहून अर्ज शिक्षिकेला दाखवला, की ती विचारते, कोणत्या मुलांचे आणि कशाचे वाचन? मग चौथीच्या मुलांना एकेकाला बसवून एक परिच्छेद वाचायला द्यावा लागतो, कोण शब्दापाशी अडते आणि कोण वाक्य सलग वाचते याची नोंद करावी लागते, आणि त्यातून कळते की पटावरची संख्या व नियमित येणाऱ्या मुलांची संख्या यांत बरेच अंतर आहे. ते अंतर लक्षात आल्यावर अर्जातील उद्दिष्ट बदलते, अंदाजपत्रकात घरभेटींसाठी वेळ धरावा लागतो, कधीकधी वर्गाची वेळसुद्धा बदलते. हे सगळे शैक्षणिक कामच आहे. अर्जाच्या निमित्ताने ते वेळेवर होते, एवढेच. चांगले काम करणाऱ्या कितीतरी संस्था केवळ या नोंदी नसल्यामुळे मागे पडतात, आणि त्यांचे काम कमी प्रतीचे होते असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढू नये.

दुसरे विधान प्रशासकीय खर्चाविषयीचे आहे. हा खर्च जितका कमी, तितकी संस्था प्रामाणिक, असा हिशेब लोक मांडतात. अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी 2013 मध्ये देणगीदारांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि एकूण खर्चात प्रशासकीय खर्च किती टक्के, केवळ एवढ्यावरून संस्थेची कामगिरी जोखणे चुकीचे आहे, असे सांगितले. तेथील केंद्र सरकारच्या अनुदानांतही, स्वतंत्रपणे दर ठरवून न घेतलेल्या संस्थांना अप्रत्यक्ष खर्चासाठी (कार्यालय, हिशेब अशा एका प्रकल्पाशी थेट न जोडता येणाऱ्या खर्चासाठी) मिळणारी मर्यादा 1 ऑक्टोबर 2024 पासून 10 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेण्यात आली. खर्चाची चौकशी जरूर व्हावी, पण ती खर्च कशावर झाला याची व्हावी. लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि अहवाल वेळेवर गेले नाहीत तर पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की पहिला पगार थकतो तो वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेचा. कागदावरचा खर्च वाचवून मुलांचा वाटा वाढतो, हे त्या महिन्यात तिच्यासमोर कोणी म्हणून पाहावे.

एकच प्रस्ताव सगळीकडे पाठवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. संस्थेची ओळख, नोंदणी, मागील हिशेब हा भाग तयार ठेवता येतो आणि ठेवावाच. परंतु कोणी फक्त शिक्षक प्रशिक्षणाला निधी देते, कोणी फक्त पुस्तकांना, आणि कोणाच्या नियमांत पगारच बसत नाहीत. हे न वाचता पाठवलेला अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो.

टक्केवारीच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. अनुदान बहुधा खर्चाच्या ठरावीक शीर्षांखाली, म्हणजे पगार, पुस्तके अशा बाबींखाली, मंजूर होते. त्यात अर्ज लिहिणाऱ्याचा वाटा असे शीर्ष नसते, त्यामुळे तो द्यायचा झाल्यास दुसऱ्या कामासाठी आलेला पैसा वळवावा लागतो. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेत जमा झालेल्या देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घेण्यास सभासदांना मनाई आहे, ती उगीच नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याचा ओढा स्वाभाविकपणे मोठ्या रकमेकडे राहतो, मग दोन केंद्रे चालवणाऱ्या संस्थेने वीस केंद्रांचे आश्वासन दिले तरी चालते; वर्षभरानंतर ते आश्वासन पुरे करण्याची वेळ येते तेव्हा अर्ज लिहिणारा दुसरीकडे गेलेला असतो. छोट्या संस्थेला पूर्णवेळ माणूस परवडत नसेल, तर आठवड्यातले काही दिवस ठरवून द्यावेत किंवा प्रत्येक अर्जाचे मानधन आधी लेखी ठरवावे, आणि अर्ज मंजूर होवो वा न होवो, ते संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून चुकते करावे.