बिबट्या धरून लांब सोडा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा अण्णांचा फोन आला. गावच्या शाळेत बिबट्याबद्दल माहिती द्यायला वनखात्याची माणसं येणार होती, तो कार्यक्रम पालकांनी रद्द करायला लावला म्हणे. अण्णाही रद्द करा म्हणणाऱ्यांत होते. कारण काय, तर जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात महिनाभर फिरणारा एक व्हॉट्सअॅप मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. वनखातंच रात्री गाडीतून बिबटे आणून उसात सोडतं, पिंजरा लावून लांबच्या जंगलात सोडणं हा एकच उपाय आहे, बछडी सापडली तर उचलून न्या म्हणजे मादी निघून जाते, आणि शाळेतले कार्यक्रम म्हणजे पोरांना बिबट्याशी मैत्री शिकवायचा धंदा. असं सगळं त्यात आहे.

या भागात माणसं गेली आहेत, लहान लेकरं गेली आहेत. त्यामुळे लोकांचा राग मला कळतो. पण त्याच लेकरांच्या जिवावर बेतेल असा सल्ला आपण एकमेकांना पाठवतोय, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ते 'लांब सोडा'. हा प्रयोग आपल्याच जुन्नरमध्ये होऊन गेलाय. फेब्रुवारी 2001 पासून 2003 पर्यंत इथले बिबटे मोठ्या प्रमाणावर धरले आणि त्यातले 29 आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले, धरलेल्या जागेपासून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग सुरू होण्याआधी वर्षाला सरासरी 4 माणसांवर हल्ले व्हायचे. धरून सोडणं सुरू झाल्यावर ते वर्षाला 17 झाले. शिवाय आधी शंभरातले 18 हल्ले जीवघेणे ठरत, ते 36 झाले. म्हणजे मेसेज ज्याला एकमेव उपाय म्हणतो, तो केल्यावर हल्ले चौपट झाले.

असं का व्हावं? पिंजऱ्यात अडकलेला, माणसांच्या गराड्यात तासन् तास बसलेला घाबरलेला बिबट्या अनोळखी ठिकाणी सोडला की तो तिथे थांबत नाही. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो गावं, हमरस्ते ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या वेशीवर पोचला. वाटेत कुणाच्या वाटेला गेला नाही, पण प्रत्येक बिबट्या तसाच वागेल याची हमी कोण देणार? आणि इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा येऊन धरतो, तो बहुतेक वेळा तरणा, परिसराची माहिती नसलेला.

माणसावर हल्ला करणारा ठरावीक बिबट्या असेल तर तो धरायलाच हवा आणि परत सोडू नये. याबद्दल माझं दुमत नाही. पण बांधावर नुसता दिसला की 'पिंजरा लावा' म्हणून रस्ता अडवायचा, ही वेगळी गोष्ट आहे.

गाडीतून आणून सोडण्याच्या अफवेत अर्धं खरं आहे, ते कबूल करायला हवं. बिबटे गाडीतून नेले होतेच, वर सांगितलं तसे. लोकांनी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. पण आजचे बिबटे उसात जन्मलेले आहेत. वर्षभर उभं पीक, शेजारी कालवा, आणि गावभर कुत्री. नगरकडच्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्रीच निघाली. अशा ठिकाणी बिबट्या आणून सोडावा लागत नाही.

बछड्यांचा मुद्दा तर वाचवत नाही. गेल्या हंगामात चुलत्यांच्या उसात तोड चालू असताना पाचटात तीन पिल्लं निघाली. मांजराएवढी, राखाडी, ठिपके अजून पुसट. ऊसतोड टोळीतल्या एका बाईने कोयता बाजूला ठेवला आणि सगळ्यांना मागे ओढलं. तिला हे आधीच्या गावात कुणीतरी सांगितलेलं होतं. फोटो काढू दिले नाहीत, फड तेवढाच सोडला, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला. वनखात्याच्या माणसांनी संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पिल्लं ठेवून त्याच जागी कॅमेरा लावला. रात्री मादी आली, कॅरेट पंजाने आडवं केलं आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. आता ती पिल्लं मेसेजप्रमाणे उचलून नेली असती, तर पिल्लं शोधणारी मादी त्या रात्री कुठे फिरली असती? टोळीच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या आसपास. तिथे पोरं उघड्यावर झोपलेली असतात.

राहता राहिली 'मैत्री'. असल्या कार्यक्रमांत मैत्री कुणी शिकवत नाही. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून उसाकडेला शौचाला बसू नये. बॅटरी आणि मोबाइलवर गाणी चालू ठेवून चालावं. शेळ्यांना दार-छप्पर असलेला बंदिस्त गोठा हवा. बिबट्या दिसला तर पळू नये आणि गर्दीही करू नये. मुंबईत संजय गांधी उद्यानाभोवती 2011 पासून वनखातं, अभ्यासक आणि रहिवासी मिळून हेच सांगत आले आहेत.

हे खरं, की कुठे कुठे बॅनर, दोन भाषणं आणि फोटो एवढ्यावर कार्यक्रम आटपतो. आणि ज्या शेतकऱ्याला वीजच रात्री मिळते, त्याला 'रात्री बाहेर जाऊ नका' सांगून काय उपयोग? दिवसा थ्री फेज मागायला सगळ्यांनी महावितरणवर जायला हवं, मीही येईन. पण त्यासाठी पोरांचा कार्यक्रम बंद पाडायचं कारण नव्हतं.

अण्णांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, सोमवारी शाळेत जातो. मी त्यांना म्हटलं, तारीख परत मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. एक कार्यक्रम संध्याकाळी ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर घ्यायला सांगा. त्यांची पोरं शाळेत नसतात.